कूप, पण विहीर नव्हे

तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाकाडोंगरी लागतं. भंडारा जिल्ह्याचं हे वरचं टोक. थोडं पुढे गेलं की बावनथडी नदी, आणि पलीकडे मध्य प्रदेश. एकदा पुण्याचे एक संस्कृतचे प्राध्यापक माझ्याबरोबर तिकडे आले होते. एका घरी आम्ही म्हाताऱ्या कामगाराची चौकशी केली. सून दारात आली आणि म्हणाली, "मामाजी कुपात गेलेत जी." प्राध्यापकांचा चेहरा खाडकन उतरला. "अरेरे! कधी?" त्यांनी विचारलं. "सकाळीच," ती म्हणाली, "सांजच्याला येतील."

संस्कृत जाणणाऱ्याला कूप म्हणजे विहीर. कूपमंडूक म्हणजे विहिरीतला बेडूक, कूपनलिका म्हणजे आपली बोअरवेल. पण झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलालगतच्या गावांत, 'कुपात जाणं' म्हणजे झाडं तोडायच्या कामावर जाणं. मेळघाटातही हा शब्द चालतो, ठाण्याच्या जंगलपट्टीतही चालतो. त्या वर्षी तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा म्हणजे कूप. वनखात्याच्या कागदावर 'कूप क्रमांक अमुक' असं लिहिलेलं असतं, आणि ज्यानं जन्मात तो कागद वाचला नाही त्याच्याही तोंडी हा शब्द असतो. तो इतका मुरला आहे की हा परदेशी पाहुणा आहे असं कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

पाहुणे शब्द आमच्या भागाला नवे नाहीत. नाकाडोंगरीच्या शेजारी मँगनीजच्या खाणीचं गाव आहे, डोंगरी बुजुर्ग. डोंगरी मराठी, बुजुर्ग फारसी. हाच बुजुर्ग तुमच्याकडे 'बुद्रुक' झाला आहे, आणि खुर्द तर फारसीतून जसाच्या तसा आला. लहान गाव खुर्द, मोठं गाव बुद्रुक. घरात उर्दूची उठबस असल्यामुळे असे शब्द मला गर्दीत नातेवाईक दिसावेत तसे दिसतात. पण कूप माझ्या घरचाही नव्हता. तो शोधत जावं लागलं ते थेट फ्रान्सपर्यंत.

इंग्रजी वनशास्त्रात एक शब्द आहे, कूप. उच्चार आपल्यासारखाच. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंच भाषेत 'कूपे' म्हणजे कापणं आणि 'कूप' म्हणजे काप, कापलेला भाग, कापणी. त्याच्या मागे गेलं की 'कू' भेटतो, म्हणजे फटका, घाव. आणखी मागे लॅटिन आणि त्याही मागे ग्रीक. ग्रीकमधला मूळ शब्द आहे 'कोलाफोस'. त्याचा अर्थ थोबाडीत मारणं, ठोसा. तर कुळ असं आहे: आधी थोबाडीत, मग घाव, मग कापणी, आणि शेवटी कापायची जागा.

या कुळातली माणसं आपल्याला रोज भेटतात, फक्त ती एकमेकांची भाऊबंद आहेत हे लक्षात येत नाही. रेशनचं किंवा जेवणाचं कूपन म्हणजे कापून द्यायचा तुकडा. रेल्वेच्या पहिल्या वर्गात दोन प्रवाशांचा छोटा डबा असतो, तो कूपे. मूळची ती कापलेली, अर्धी केलेली घोडागाडी. त्याच नावानं पुढे दोन दारांच्या मोटारी आल्या. लष्करानं रातोरात सरकार उलथवलं की इंग्रजी वर्तमानपत्र त्याला 'कू' म्हणतं, म्हणजे राज्यावर घातलेला घाव. संकटाला तोंड देणं या अर्थाचं इंग्रजी क्रियापद 'कोप' हेही याच घरचं. आधी त्याचा अर्थ हाणामारी करणं असा होता. पोटासाठी धडपडणाऱ्या माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता गंमत पाहा. फ्रेंचमध्येही दोन 'कूप' आहेत. एक हा कापणीचा. दुसरा म्हणजे पेला, चषक. हा दुसरा लॅटिनमधल्या पिंप या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि ते लॅटिन पिंप व आपला संस्कृत कूप, म्हणजे खड्डा, विहीर, हे एकाच प्राचीन मुळाचे असावेत असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पोकळीचा कूप आणि घावाचा कूप ही एकमेकांशी नातं नसलेली जोडी फ्रान्समध्येही एकाच नावानं नांदते आहे आणि भंडाऱ्यातही. प्राध्यापकांना मी हे नंतर कळवलं. त्यांनी उलट टपाली दोन पानांचं पत्र पाठवलं.

हा शब्द भंडाऱ्यात कसा पोहोचला, ही भाषेपेक्षा सरकारची गोष्ट आहे. रेल्वे आली आणि तिला स्लीपर लागले. आमच्याच भागात 1880च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे लोहमार्ग गेला, भंडारा रोड आणि तुमसर रोडवरून. रुळांखाली साग, साल अशी टिकाऊ लाकडं आडवी झाली. पुढे मँगनीजच्या खाणी उघडल्या. भुयारी खाणीत छताला टेकू द्यायचे तर तेही लाकडाचे. जंगल संपत नसतं हा समज सरकारचा त्याआधीच मोडला होता. 1864 मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन माणूस हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला महानिरीक्षक झाला आणि 1865 मध्ये पहिला वनकायदा आला. पण अडचण अशी की इंग्लंडमध्ये त्या वेळी वनशास्त्र शिकवणारी शाळाच नव्हती. म्हणून 1867 पासून इंग्रज उमेदवार जर्मनीत आणि फ्रान्समधल्या नान्सी गावच्या वनविद्यालयात शिकायला जाऊ लागले. हे विद्यालय 1824 मध्ये निघालेलं.

फ्रेंचांना या विद्येचा अनुभव मोठा होता. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानं 1669 मध्येच जंगलतोडीचे कडक नियम केले होते. आरमाराला लाकूड पिढ्यानपिढ्या पुरलं पाहिजे ही त्यातली चिंता. नान्सीहून शिकून आलेली इंग्रज पोरं या विद्येबरोबर तिचे शब्दही घेऊन इकडे आली. यात आपल्या भागाचा एक दुवा आहे. मध्य प्रांताच्या जंगलांचा सुरुवातीचा वनसंरक्षक होता जॉर्ज पिअर्सन. सातपुड्यातल्या बोरीचं जंगल त्यानं 1860च्या दशकात वणव्यापासून राखून दाखवलं होतं. पुढे हाच पिअर्सन नान्सीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा पालक-अधिकारी म्हणून फ्रान्सला गेला. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्य प्रांतातच होता.

कूप या शब्दात नुसता घाव नाही, हिशेबही आहे. समजा, जंगल 800 हेक्टर आहे आणि साग तोडल्यानंतर पुन्हा उपयोगी जाडीचा व्हायला 40 वर्षं लागतात. मग त्याचे 20-20 हेक्टरांचे 40 तुकडे करायचे आणि नकाशावर त्यांना क्रमांक द्यायचे. पहिल्या वर्षी पहिला तुकडा तोडायचा, दुसऱ्या वर्षी दुसरा. चाळिसावा तोडून झाला की पहिला पुन्हा तयार. प्रत्येक कुपाला तोडायचं साल असतं, आणि परत येण्याचं सालही असतं. कारकुनाच्या गणितासारखं दिसतं, पण या गणितात नातवाची सोय आहे.

हे जमतं ते सागाच्या एका गुणामुळे. साग तोडला तरी मरत नाही. हिवाळ्यात खोड जमिनीलगत तोडलं की पावसाळ्याच्या सुमाराला खुंटाच्या कडेनं फुटवे येतात. खालची मुळं जुनी, खोल गेलेली असतात. त्यामुळे फुटवा बी लावून आलेल्या रोपापेक्षा सुरुवातीला कितीतरी जोरानं वाढतो. अशा फुटव्याच्या जंगलाला इंग्रजीत 'कॉपिस' म्हणतात, आणि तोही शब्द त्याच कापणीच्या कुळातला.

पण यात कुऱ्हाडीची शिस्त फार. खुंट उंच ठेवला तर फुटवा वरच्या बाजूला येतो आणि वाऱ्यात मोडतो. म्हणून घाव जमिनीजवळ. खुंटाचा माथा उतरता आणि गुळगुळीत, म्हणजे त्यावर पाणी साचून लाकूड कुजत नाही. साल फाटता कामा नये. मोह, चार अशी ज्यांच्यावर माणसं आणि जनावरं जगतात ती फळझाडं राखायची, बियाण्यासाठी काही मोठी झाडं राखायची. कोणतं झाड जाणार हे आधी ठरतं. छातीइतक्या उंचीवर घेर मोजायचा, सालीवर जागा तासून नंबर टाकायचा, शिक्क्याच्या हातोड्यानं ठसा मारायचा. तोड झाल्यावर पाचेक वर्षं तिथे गुरं सोडायची नाहीत, वणवा लागू द्यायचा नाही. फुटवे खूप आले तर एखाददुसरा जोमदार ठेवून बाकीचे काढायचे. तुटलेल्या मालाची वाटणी वेगळी: इमारती लाकूड, बल्ल्या, जळाऊ बिट. हे सगळं करतो तो कुपातला मजूर. त्याच्या एका तिरक्या घावावर पुढची चाळीस वर्षं अवलंबून असतात आणि त्याला पैसे मात्र त्या दिवसाच्या मोजमापाचे.

इथूनच शब्दाचा अर्थ बदलायला लागला. सरकार उभा कूप लिलावात विकायचं आणि ठेकेदार तो घ्यायचा. नकाशावरचं गणित चाळीस वर्षांचं, ठेकेदाराचं गणित एका मोसमाचं. पुन्हा चाळीस वर्षांनी हा तुकडा त्याच्याकडे येणार नव्हता. त्यामुळे कागदावर कूप म्हणजे आळीपाळी आणि लिलावात कूप म्हणजे माल. मालगुजारांच्या खाजगी जंगलांत तर आळीपाळीचाही प्रश्न नव्हता. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि ती जंगलं सरकारकडे आली. जमीनदारी जाणार ही बातमी फुटल्यावर देशात ठिकठिकाणी मालकांनी जाण्याआधी जंगल विकून घेतलं, हे तर जुन्या लोकांना सांगायला नको.

मजुराच्या तोंडी कुपाचा अर्थ तिसराच झाला. त्याच्यासाठी कूप म्हणजे मोसम. भात निघाल्यानंतरचा आणि मोहफुलं, तेंदूपान यांच्या आधीचा, हाताला काम असण्याचा काळ. ठाणे जिल्ह्यात 1945 ते 1947 मध्ये वारल्यांनी जो लढा दिला तो वेठबिगारीविरुद्धचा म्हणून आपल्याला माहीत आहे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे तो घरोघरी पोहोचला. पण त्या लढ्यात जंगलतोडीच्या मजुरीचाही प्रश्न होता, आणि त्यासाठी जंगलकामगारांनी संप केले. 1947 पासून मुंबई सरकारनं ठेकेदाराला बाजूला सारून जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना कूप द्यायला सुरुवात केली. विदर्भ महाराष्ट्रात आल्यावर अशा संस्था इकडेही निघाल्या. काही चांगल्या चालल्या. काहींत पाटी संस्थेची आणि गल्ला जुन्याच ठेकेदाराचा, असंही झालं. पण लिलावात बोली न लावू शकणारा माणूस कुपाचा धनी होऊ शकतो हे कागदावर तरी पहिल्यांदा आलं.

कागदावरून आठवलं. कुपाला कायम चिकटलेला दुसरा शब्द आहे, कलम. हा मात्र माझ्या घरचा. अरबी कलम म्हणजे लेखणी, आणि अरबांनी तो ग्रीकांकडून घेतला. ग्रीकमध्ये 'कालामोस' म्हणजे बोरू. मराठीत येऊन त्यानं तीन संसार थाटले. लेखणी, आंब्याचं कलम आणि कायद्याचं कलम. पहिल्या दोन्हींत काहीतरी तासावं, कापावं लागतं, हे लक्षात घ्या. तिसऱ्यानं जंगल कापलं. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 4 खाली सरकार जंगल राखीव करण्याचा इरादा जाहीर करतं, कलम 20 खाली ते राखीव होतं आणि कलम 26 खाली त्यात काय केलं की गुन्हा, ते ठरतं. गोंड बाईनं आणलेली मोळी 26 मध्ये बसते. शिक्का मारलेला आख्खा कूप बसत नाही. कुऱ्हाड दोन्हीकडे तीच.

1974 मध्ये शब्दाला आणखी एक वळण मिळालं. त्या वर्षी महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झालं. मुख्यालय नागपूरला, आणि भंडाऱ्यातलंही जंगल त्याच्याकडे गेलं. आता काही ठिकाणी कूप म्हणजे सगळं मिश्र जंगल साफ करून तिथे सागाची ओळीनं लागवड. जुन्या कुपात तोडलेलंच जंगल परत यायचं होतं. नव्या कुपात दुसरं जंगल येणार होतं. साग मौल्यवान खरा, पण साग खाता येत नाही. मोह, चार, तेंदू, बेहडा यांच्यावर घर चालवणाऱ्या बाईला ओळीनं लावलेलं सागवन हे एखाद्याच्या कोठारासारखं दिसतं. भरलेलं, पण आपलं नसलेलं. महामंडळानं लाखो रोपं लावली, रोजगार दिला, हे मान्य करूनही मला ही तक्रार रास्त वाटते. 1988 मध्ये वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन नैसर्गिक झाडं साफ करून नवी लावायला केंद्राची मंजुरी लागू झाली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वननीतीनं जंगल हे आधी पर्यावरणासाठी आणि स्थानिकांच्या गरजेसाठी, महसुलासाठी नंतर, असं म्हटलं. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तर मंजूर कार्ययोजनेशिवाय कुठेही तोड करायला मनाई केली. जुन्या हिशेबाला न्यायालयाचं बळ मिळालं, असं म्हणता येईल.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला हा शब्द भांडणाचा झाला होता. ऑस्ट्रेलियात तोडीच्या तुकड्याला आजही कूपच म्हणतात. टास्मानिया आणि व्हिक्टोरिया या राज्यांत लोक कुपांमध्ये जाऊन बसले, झाडांवर चढून राहिले, न्यायालयात गेले. तिथल्या वनखात्यानं कुपांना नावं दिली होती; एका कुपाचं नाव 'गिटार सोलो'. अखेर 1 जानेवारी 2024 पासून व्हिक्टोरियात नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद झाली. तिथल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कूप हा शब्द आता बहुधा कज्जा म्हणूनच आठवत असेल.

आमच्याकडे मात्र कथा वेगळीकडे गेली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पूर्वी या भागातल्या बांबूचे कूप कागद कारखान्यासाठी पडत. आता बांबू गावाचा. पण नुसता तोडायचा हक्क असून भागत नाही. जंगलाबाहेर माल न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि त्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर. इथे दीडेक वर्ष घोडं अडलं. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर या जिल्ह्यातल्या इतर ग्रामसभाही बांबू विकू लागल्या. यंदा कुठला भाग तोडायचा, कुठला राखायचा, किती वर्षांनी परत यायचं, हे गाव बसून ठरवतं. नान्सीच्या शाळेत शिकवलेलं ते गणित सभेत गोंडीतून मांडलं जातं.

नाकाडोंगरी हे वनपरिक्षेत्राचंही नाव आहे. तिथल्या जंगलातून जाताना जुना कूप ओळखायची एक सोपी खूण सांगतो, त्याला वनखात्याचा नकाशा लागत नाही. बीपासून उगवलेला साग जमिनीतून सरळ वर जातो. फुटव्याचा साग बुंध्याशी थोडा वाकलेला असतो, आधी बाहेर झुकून मग वर गेलेला. कित्येकदा एकाच जागेवरून दोन-तीन खोडं पाठीला पाठ लावल्यासारखी निघालेली दिसतात. त्यांच्या मधोमध पानं बाजूला सारून पाहा. तिथे जुन्या खुंटाची जागा असते, कुजून खोलगट झालेली. श्रावणात तिथे ओंजळभर पाणी असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)